मोहरमचे सरबत, गावचा पाणवठा

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आलेला माणूस त्याच परिसरातल्या ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यावरही माथा टेकून जातो. यात्रा आली की वर्तमानपत्रांत ठरलेला मथळा येतो: हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक. पुढाऱ्यांची भाषणे होतात, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवशी ते ऐक्य पुढच्या वर्षापर्यंत कपाटात जाते.

आम्हाला त्या यात्रेबद्दल आदर आहे, त्या मथळ्याबद्दल मात्र शंका आहे. सामायिक सणांबद्दल आज दोन कथा सांगितल्या जातात. पहिली कथा सांगते की बहुजनांनी दर्ग्यावर जाणे, ताबुतापुढे नाचणे, पंजाला नवस बोलणे हा अडाणीपणा होता आणि आता 'जागृत' हिंदूने ते सोडावे. दुसरी कथा सांगते की पूर्वी सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, दोघांचे सण एकच होते, ते दिवस परत आणले की झाले. पहिली कथा द्वेष शिकवते. दुसरी कथा जातीबद्दल गप्प बसते. फुले-आंबेडकरी माणसाने दोन्ही तपासून घ्यायला हव्यात, कारण या सणांत वाजंत्री म्हणून, नाचणारे म्हणून, नवस फेडणारे म्हणून जे लोक होते ते आपलेच पूर्वज होते.

परकीय कोण?

पहिल्या कथेचा पाया असा की इस्लाम इथे बाहेरून तलवार घेऊन आला. वैनगंगेच्या खोऱ्याचा इतिहास इतका सोपा नाही. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. मराठे येण्याआधी या मुलखात गोंड राजांची सत्ता होती. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाच्या दरबारी गेला आणि तिथे त्याने इस्लाम स्वीकारला. नागपूर शहर वसवले ते याच राजाने. त्याने ठिकठिकाणचे शेतकरी आणि कारागीर बोलावून या मुलखात वसवले. आज ज्या शहरात बसून काही लोक मुसलमानांना परके ठरवतात, ते शहर एका आदिवासी मुसलमान राजाने वसवले आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळकपणे का येत नाही?

पुढे १८५७ नंतर उत्तरेतले मोमीन विणकर कामठी-नागपूरकडे आले. इथे आधीपासून कोष्टी होते, हलबा होते आणि जाडेभरडे कापड विणणारे महारही होते. म्हणजे या भागातल्या मुसलमानांचा मोठा भाग मागावर, विडीच्या सुपावर, रेल्वेत आणि बाजारात हाताने काम करणारा राहिला. त्याचे शेजारीही तसेच कष्टकरी. सण सामायिक झाले ते या शेजारातून. एकाच आळीत घाम गाळणाऱ्यांना एकमेकांच्या दुःखाचा दिवस कळत होता. त्यासाठी कुणा पंडिताने किंवा मौलवीने ठराव केला नव्हता.

ताबुतापुढे कोण नाचत होते?

मोहरम हा आनंदाचा सण नाही. हिजरी ६१ साली, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांना आणि त्यांच्या सोबत्यांना मारण्यात आले. मारण्याआधी त्यांचे पाणी तोडण्यात आले. फरात नदी समोर वाहत होती आणि लहान लेकरांना पाण्याचा थेंब मिळत नव्हता. म्हणून मोहरममध्ये ठिकठिकाणी सबील लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला जात-धर्म न विचारता पाणी आणि सरबत पाजतात. हा तहानेच्या आठवणीचा सण आहे. वाचकांनी हे लक्षात ठेवावे, कारण आमचा पुढचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे.

मध्य प्रांतातला मोहरम कसा होता, याचा लेखी पुरावा आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ताबुताचे चित्र आहे, मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या नालाचे आहे आणि अंगावर पट्टे ओढून वाघ झालेल्या माणसाचेही आहे. वाघ होणे हा नवसाचा प्रकार. मूल जगले, दुखणे बरे झाले की मोहरममध्ये वाघ होऊन नाचायचे. नवस बोलणारा मुसलमानच असला पाहिजे असे काही नव्हते. विदर्भात, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात सवाऱ्या आणि पंजे घेऊन चालणारे, डोल्याखालून लेकराला काढणारे, अलाव्याभोवती फेर धरणारे बहुसंख्य लोक बहुजन जातींतलेच होते. काही गावांत तर मुसलमानाचे एकही घर नसताना मोहरम बसतो.

वरच्या थरातही हे होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा ताजिया प्रसिद्ध होता. पण राजाचा ताजिया आणि रयतेचा ताबूत यांत फरक आहे. राजाला त्यातून प्रजेची निष्ठा मिळत होती. रयतेला त्यातून वर्षातले दहा दिवस एक अशी जागा मिळत होती जिथे पुरोहित नव्हता, मुहूर्त नव्हता, दक्षिणा नव्हती. ज्याला देवळाच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते, तो पंजाला हात लावू शकत होता. हे आकर्षण काय होते ते ज्याच्या वाट्याला देऊळबंदी आली त्यालाच कळेल.

१८९३ नंतर काय झाले?

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मोठी दंगल झाली. त्यानंतर पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला आणि १८९४ पासून तो टिळकांच्या नेतृत्वाखाली जोमाने वाढला. शाळेत सांगतात की हा उत्सव इंग्रजांविरुद्ध लोकांना एकत्र आणण्यासाठी होता. ही गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी अशी की त्या साली हिंदूंनी मोहरममध्ये भाग घेऊ नये असा जोरदार प्रचार झाला. रिचर्ड कॅशमन यांनी टिळकांवरच्या आपल्या १९७५ च्या पुस्तकात हे तपशीलवार मांडले आहे. नव्या उत्सवाने जुन्या उत्सवाचे रूपही उचलले: दहा दिवस, गाणारे मेळे, वाजतगाजत मिरवणूक, शेवटी पाण्यात विसर्जन. रूप घेतले, माणसे घेतली, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याशी नाते तोडायला शिकवले.

इथे आमचा प्रश्न साधा आहे. ताबुतापुढून ओढून आणलेल्या बहुजनांना गणपतीपुढे बरोबरीची जागा मिळाली का? मूर्तीला हात कोणी लावायचा, पूजा कोणी सांगायची, हे कोणी ठरवले? मिरवणुकीत गर्दी म्हणून महार-मांग-चांभार चालत होते. गाभाऱ्यात चालत नव्हते. धर्म धोक्यात आहे असे सांगताना तो हिंदू होता, पाणी मागताना तो अस्पृश्य होता.

विदर्भात हीच रीत पुढे चालली. १९२३ साली नागपुरात मशिदीपुढून वाद्ये वाजवत जाण्यावरून वाद पेटला आणि दिंड्या निघाल्या. दोन वर्षांनी, १९२५ च्या विजयादशमीला, त्याच शहरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला. ज्या डफड्याने पूर्वी दोघांची मिरवणूक चालायची, तेच डफडे आता एकमेकांना खिजवण्यासाठी वापरले जाऊ लागले. ते वाजवणारे हात मात्र खालच्याच जातींचे राहिले.

पण दुसरी कथाही खरी नाही

इथवर वाचून काही मित्र म्हणतील की बघा, जुने दिवसच चांगले होते. थांबा. ज्या गावात सगळे मिळून मोहरम करत होते त्या गावाचा पाणवठा कसा होता, हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे जाणार नाही.

महाडचे चवदार तळे घ्या. त्या तळ्याचे पाणी सवर्ण भरत, मुसलमान भरत, ख्रिस्ती भरत, गुरेढोरे पीत. फक्त अस्पृश्यांना बंदी होती. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला सवर्णांपैकी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. हे उपकार आम्ही विसरत नाही. पण त्याच इतिहासात हेही लिहिलेले आहे की त्याआधीची कित्येक वर्षे मुसलमान त्या तळ्यावर पाणी भरत होते आणि शेजारी तहानलेला उभा आहे याचा त्रास गावात फारसा कोणाला होत नव्हता.

१९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. महिना रमजानचा होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दारातल्या हौदावर हातपाय धुतले. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की अस्पृश्यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली ती पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई देऊन. उपवासाच्या महिन्यात, तहान म्हणजे काय ते रोज अनुभवणाऱ्या लोकांकडून हे घडले. बाबासाहेबांनी ते लिहून ठेवले आहे.

पारशांचा अनुभवही त्यांनी लिहिला आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू होताना हिंदूंच्या घरी जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी सरायीत पारशी नावाने राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि त्यांना तिथून निघावे लागले. हिंदूंना जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्य आणि पारशालाही अस्पृश्य, हा धडा बाबासाहेबांनी या प्रसंगांतून काढला. जात ही हिंदू धर्माने जन्माला घातली, पण शेजाऱ्यांच्या अंगणातही ती वाढली.

आता मोहरमच्या सबीलीकडे पुन्हा पाहा. करबलात पाणी तोडले म्हणून हजार-बाराशे वर्षे शोक करणारा समाज, आणि त्या शोकाच्या मिरवणुकीत हलगी वाजवणारा महार-मांग, ज्याचे पाणी गावाने रोजच तोडले आहे. दोघे एकाच रस्त्यावरून चालले. दहाव्या दिवशी ताबूत नदीवर गेला आणि अकराव्या दिवशी तो वाजंत्री पुन्हा विहिरीपासून दूर उभा राहिला. हलगी वाजवणे हाही काही त्याच्या आवडीचा भाग नव्हता, तो बलुत्यातला धर्म होता. अशा सहभागाला ऐक्य म्हणायचे असेल तर गुलामाने मालकाच्या लग्नात नाचणे यालाही ऐक्य म्हणावे लागेल.

नवरोज आणि फारसी: अपमानातून उघडलेले दार

इराणी नवरोज २१ मार्चच्या सुमारास येतो. दिवस-रात्र समसमान होतात तो हा दिवस. २०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाने तो आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून मान्य केला. भारतातले पारशी हा जमशेदी नवरोज पाळतात, आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांच्या पंचांगाप्रमाणे त्यांचे नवे वर्ष ऑगस्टमध्ये येते, ज्याला आपण पतेतीची सुट्टी म्हणून ओळखतो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केली, तेव्हापासून विदर्भातल्या कामगारांचा पारशी मालकाशी संबंध आला. गोंदियातल्या खेड्यात नवरोज कोणी साजरा करत नाही, मग आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील.

संबंध आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला ते मिळाले नाही, म्हणून दुसरी भाषा फारसी घ्यावी लागली. वेदाच्या भाषेने दार बंद केले, इराणच्या भाषेने उघडले. त्याआधी जोतीरावांची सुटलेली शाळा पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्यांच्या वडिलांची समजूत घालणाऱ्यांत गफार बेग मुन्शी हे फारसीचे शिक्षक होते. जोतीरावांनी पुढे पैगंबरांवर अखंडही रचला. आपल्या लढ्याची भाषासुद्धा पाहा. 'हक्क' अरबी, 'कायदा' अरबी, 'वकील' अरबी, 'जमीन' फारसी. जोतीरावांनी १८७३ साली आपल्या पुस्तकाचे नाव ठेवले 'गुलामगिरी', तोही त्याच वाटेने आलेला शब्द. ज्यांना मराठीतून फारसी-अरबी हाकलायची आहे त्यांनी आधी बहुजनांचा हक्क कोणत्या शब्दात मागायचा ते सांगावे.

प्रतापगडच्या दर्ग्याला ज्यांचे नाव आहे ते उस्मान हारूनी परंपरेप्रमाणे अजमेरच्या मोईनुद्दीन चिश्तींचे गुरू, आणि त्यांचे हारून गाव इराणातल्या निशापूरजवळचे. झाडीपट्टीतला धान पिकवणारा शेतकरी इराणी सूफीच्या नावाने नारळ फोडतो. इतिहासाने आपल्याला असे जोडले आहे. ते तोडायचा अधिकार कोणालाही नाही.

बाबासाहेबांची कसोटी

मग सामायिक सणाचे मोल काय धरायचे? बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात, १९४० साली, याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे. हिंदू पिराला भजतात, काही मुसलमान ब्राह्मणाकडून विधी करून घेतात, भाषा-पेहराव एक आहे, म्हणून हे एक राष्ट्र आहे असे म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की अशी साम्ये एकाच परिस्थितीत राहिल्याने, अर्धवट धर्मांतराने आपोआप उरतात. ती जाणीवपूर्वक घडवलेली नसतात. म्हणून त्यांच्यावर राष्ट्र उभे राहत नाही. एकत्र राहण्याची इच्छा लागते, आणि ती इच्छा समान वागणुकीतून येते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बंधुभावाबद्दल हेच बजावले: तो नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या पुटाइतकेच वरवरचे राहतील.

या भूमीला ही कसोटी नवी नाही. १९५४ साली भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उभे होते. तेव्हा गोंदिया त्याच भंडारा जिल्ह्यात होते. घटना लिहिणारा माणूस इथे हरला, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सण सामायिक साजरे करणाऱ्या या समाजाने मत देताना जात पाहिली की नाही, याचा विचार ऐक्याचे मथळे लिहिणाऱ्यांनी जरूर करावा.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांनी मरीआई सोडली, म्हसोबा सोडला, तसा पंजाचा नवसही सोडला. काही लोक याला मुसलमानांपासून दुरावा समजतात. तो दुरावा नव्हता. नवस सोडला, शेजार सोडला नाही. देवाला भिऊन एकत्र येण्यापेक्षा माणूस म्हणून एकत्र येणे ही वरची पायरी आहे. आज भीम जयंतीच्या मिरवणुकीला मुसलमान तरुण पाणी-सरबत देतात आणि ईद-ए-मिलादच्या जुलूसाला बौद्ध तरुण पाणी देतात, हे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसते. यात नवस नाही, बलुते नाही, वाजवण्याची सक्ती नाही. जुन्या मोहरमपेक्षा हे सरबत आम्हाला अधिक मोलाचे वाटते, कारण देणारा आणि घेणारा बरोबरीने उभे असतात.

आता काय करायचे?

पहिले, प्रतापगडची यात्रा असो की गावचा मोहरम, त्यावर बहिष्कार घाला असे सांगणाऱ्यांना ठाम विरोध करायचा. संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला श्रद्धेचे स्वातंत्र्य देते आणि कलम ५१-क बंधुभाव वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगते.

दुसरे, मुसलमान मित्रांना प्रेमाने पण स्पष्ट विचारायचे. तुमच्यातला अशराफ आणि पसमांदा हा भेद कधी जाणार? कब्रस्तानात, लग्नात, मशिदीच्या कमिटीत तो दिसतो की नाही? करबलाची आठवण ठेवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येणार नाही.

तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, हक्काच्या लढाईत सोबत उभे राहायचे. अनुसूचित जातींचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सुरुवातीला फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावे लागले. धर्म बदलला म्हणून सवलत गेली, जात मात्र गेली नाही, हे दुःख आपण चौतीस वर्षे भोगले. दलित मुसलमान आणि दलित ख्रिस्ती आजही त्या दाराबाहेर उभे आहेत. त्यांच्यासाठी आपण बोलणार नसू तर त्यांच्या जुलूसात सरबत वाटण्याला अर्थ राहत नाही.

२० मार्च हा आपल्या पाण्याचा दिवस. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दिवस आणि रात्र समान असताना, नवरोज येतो. मोहरम चंद्राच्या हिशेबाने फिरता येतो आणि तोही पाण्याचीच आठवण देतो. हे तीनही दिवस आपण पाळावेत असे आम्हाला वाटते. गावात सबील लावा, सरबत वाटा, आणि त्याच दिवशी गावातल्या कोणत्या विहिरीवर, कोणत्या नळावर, कोणत्या हॉटेलच्या कपावर अजून जात बसलेली आहे त्याची यादी करा. संविधानाच्या कलम १५ ने विहिरी, तळी आणि हॉटेले सर्वांना खुली केली आहेत. सणाच्या दिवशी वाटलेले सरबत वर्षभराच्या पाण्याशी जोडले जाईल, तेव्हाच ऐक्याचा मथळा खरा होईल.

जय भीम!